इंजिनाखालचं रबर

असोद्याच्या रेल्वे फाटकावर देवचंदची गाडी उभी होती. उभी म्हणजे चाकं थांबली होती एवढंच; बाकी सगळी गाडी जागच्या जागी चालतच होती. मालगाडी जायची होती. चहावाल्यानं खिडकीतून तीन ग्लास आत दिले आणि पहिल्याच घोटाला मंदाच्या साडीवर चहा सांडला, देवचंदच्या शर्टावर सांडला, स्टिअरिंगवर सांडला. ही गाडी आहे की पिठाची गिरणी, असं मंदा म्हणाली. नवरा या नात्यानं देवचंद काहीतरी उत्तर देणार होता, पण त्याची नजर वरच्या आरशात गेली. आरसाही थरथरत होता, त्यामुळे त्यात मागच्या सीटवरच्या वडिलांचे, एका नानांचे, तीन-चार नाना दिसत होते, आणि ते सगळे नाना चहा पीत होते. उजव्या हातात ग्लास धरून. भर फाटकावर, दोन्ही बाजूंना सायकली आणि केळीचे ट्रॅक्टर खोळंबलेले असताना. त्यांच्याही सदऱ्यावर चहा सांडत होता आणि नाना हसत होते. "गाडीच हालू राह्यली," ते सुनेला समजावून सांगत होते, "तुह्या हाताचा काय दोष त्यात?"

फाटक उघडलं, मागून हॉर्न वाजले, मंदा पदर झटकत राहिली, आणि देवचंद गिअर टाकायचा विसरून आरशाकडे बघत राहिला. नानांनी घराबाहेर चहा घेतल्याला वर्ष होऊन गेलं होतं. आधी त्यांचं अक्षर हाललं, मग चमचा हालायला लागला, मग बशी वाजायला लागली. डॉक्टर म्हणाले, हा कंप वयाचा आहे, यानं काही होत नाही. डॉक्टर 'काही होत नाही' म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात मरण असतं. बशी त्यांच्या मनात नसते. नानांनी आधी बशी सोडली, मग लोकांकडचा चहा सोडला, मग लोक सोडले. लग्नं सोडली, मयती सोडल्या, मेहरूण तलावावरची संध्याकाळची बैठक सोडली. उजवा हात जाकिटाच्या खिशात आणि खिशावर डावा हात, अशी त्यांची बसण्याची नवी पद्धत झाली. विचारलं तर म्हणायचे, गुडघे दुखतात. देवचंद जिल्ह्याच्या सांख्यिकी कार्यालयात होता आणि केळीखालच्या क्षेत्राची सरासरी काढणं हे त्याचं काम होतं. खोटे आकडे ओळखण्याचा त्याचा अनुभव दांडगा होता. गुडघ्यांचा आकडा खोटा आहे हे त्याला कळत होतं. पण साहेबांच्या आकड्यासारखंच वडिलांच्या आकड्यालाही आपण सही करतो.

आणि हात कुणाचा, तर उखर्डू कंपाउंडरचा. पहूरच्या दवाखान्यात नानांनी याच नावानं सगळी नोकरी काढली. डॉक्टर बदलत गेले. काही डॉक्टर तर हजेरी लावून आपल्या आपणच बदलून जायचे. पण सुई नानांचीच. लोक सायकलीवर, बैलगाडीतून यायचे आणि डॉक्टरला वळसा घालून नानांपुढे दंड उघडा करायचे. देवचंदला त्या खोलीचा वास अजून यायचा: स्पिरिटचा, उकळत्या पाण्याचा, आणि रडून थकलेल्या पोरांचा. नाना पोराच्या दंडावर दोन बोटं टेकवायचे, त्याला आईचं नाव विचारायचे, आणि पोरगं नाव आठवेपर्यंत सुई आत जाऊन बाहेर आलेली असायची. त्या काळी ज्या हातचं पाणी अर्ध्या गावाला चालत नव्हतं, त्या हातची सुई सगळ्या गावाला चालत होती. यावर नाना कधी भाषण देत नसत. एकदा फक्त म्हणाले होते, रक्तात गेलं की त्याईले काही वाटत नाही, नरड्यातून जाताना वाटतं. पुढे पाणीही चालायला लागलं, चहाही चालायला लागला. पाटलांच्या ओट्यावर नाना कपबशीतून चहा प्यायचे आणि कप असा ठेवायचे की आवाज होत नसे. आता सगळीकडे चहा चालत होता, तर हात चालत नव्हता.

गाडी घेतली होती ती नानांसाठीच, असं देवचंदनं सगळ्यांना सांगितलं होतं. नाना गाडीत बसायला तयार नव्हते, त्यामुळे ते सिद्ध करता येत नव्हतं. एका साखर कारखान्याच्या लिलावातली जुनी अँबॅसिडर, आखातातल्या युद्धानंतर पेट्रोलचं नाव काढवेना म्हणून मालकांनी काढून टाकलेली. तिच्यात डिझेल इंजिन बसवून घ्यायचं हा त्या दिवसांत जळगावात साथीसारखा पसरलेला विचार होता. कचेरीत जो तो आपल्या इंजिनाबद्दल बोलायचा, पूर्वी लोक अपेंडिक्सबद्दल बोलायचे तसा. देवचंदला उलटलेल्या एका टेम्पोचं इंजिन मिळालं आणि ते बसवायला तोताराम मिस्तरी मिळाला. तोताराम असोद्याचा. निम्मं आयुष्य त्यानं विहिरींवरची ऑइल इंजिनं बसवण्यात घालवलं होतं. सिमेंटचा ओटा, त्यात गाडलेले बोल्ट, त्यावर इंजिन. आणि ते चालू असताना त्याच्या डोक्यावर रुपया उभा करून दाखवायचा, ही त्याची ख्याती. विहिरींवर विजेच्या मोटारी आल्या तसा तो गाड्यांकडे वळला, पण मन ओट्यावरच राहिलं. अँबॅसिडरचे जुने आधार नव्या इंजिनाला जुळेनात तेव्हा त्यानं जाड अँगल कापले, चेसीला वेल्डिंग केले आणि इंजिन त्यांच्यावर असं आवळलं की पुन्हा हलायचं नाव नको. इंजिनाखाली रबर घालतात हे त्याला माहीत होतं, पण पटलेलं नव्हतं. "इंजिन हाललं म्हंजे मिस्तरीची इज्जत गेली, भाऊ," असं त्याचं म्हणणं. इंजिन हाललं नाही. त्याऐवजी सगळी गाडी हालायला लागली. काचा वाजत, दारं वाजत, मंदाच्या बांगड्या वाजत, आणि बोलताना माणसाचा आवाज बकरीसारखा येई. त्या दिवशी असोद्याला मंदाच्या मावशीकडे जाताना नाना कसे कोण जाणे गाडीत बसले होते, आणि येताना फाटक लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना जाकीट घालून ओसरीवर आले आणि म्हणाले, धुळ्याले गाडी कवा काढतो? धुळ्याला नानांची थोरली बहीण होती, धुरपदाबाई. आत्याला आमच्याकडे फुई म्हणतात, तशी ती देवचंदची फुई. तिच्या नातवाचं लग्न होतं, आणि तिचा हट्ट असा की मांडवात बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींपुढची पहिली मेणबत्ती तिच्या भावानं लावायची. तिच्या मुलांची लग्नं त्या हातानं लागली होती. आता नातवाचंही त्याच हातानं. एसटीच्या कंडक्टरबरोबर तिचे तीन निरोप आले होते आणि नानांनी तिन्ही वेळा गुडघे कळवले होते. मेणबत्ती लावायची म्हणजे सगळ्या भावकीपुढे काडी ओढायची, आणि ज्योत वातीला नेमकी टेकवायची. देवचंदला ते चित्र दिसायचं आणि तो डोळे मिटून घ्यायचा. आता नाना म्हणत होते, गाडीतून जाऊ. गाडी बरी हाय. चांगली हालते. हे शेवटचं त्यांनी उच्चारलं नाही, पण देवचंदनं ऐकलं.

आणि नेमकं त्याच दुपारी तोतारामनं गाडीखालून डोकं बाहेर काढून सांगितलं की अँगलच्या वेल्डिंगला तडा गेला आहे, रेडिएटर गळतो आहे आणि सायलेन्सर एका तारेवर तग धरून आहे. या हिशेबानं गाडी पारोळ्याच्या पुढे जात नाही. तो अंगणात उकिडवा बसला. मग म्हणाला, "विहिरीवर इंजिनाखाली धरती असते भाऊ, ती सगळं पिऊन घेते. हिच्याखाली काय हाय?" म्हणजे रबर घालायचं. त्याच्या चेहऱ्यावर धर्मांतर केलेल्या माणसाची शांतता होती. तोताराम कुठलीही गोष्ट अर्धी करत नसे. आता तो म्हणत होता, असं रबर घालू की गाडी सुरू हाय का बंद हे कानाले कळणार नाही. देवचंद हो हो म्हणत राहिला. गाडी मऊ झाली की आरशात एकच नाना दिसणार. स्पष्ट. जाकिटाच्या खिशात हात घातलेले.

स्पेअर पार्टच्या दुकानात गेला तेव्हा त्याला स्वतःचीच थोडी गंमत वाटत होती आणि थोडी भीती. दुकानदारानं काचेवर रबरं मांडली. दोन लोखंडी पत्र्यांच्या मध्ये रबराचा ठोकळा, दोन्हीकडून बोल्ट; एक पत्रा चेसीला, एक इंजिनाला, आणि दोघांची भांडणं मधल्या रबरानं सोसायची. मंदाकडची माणसं आणि आपली माणसं, त्यांच्यामध्ये आपण, असं त्याला वाटून गेलं. पण दुकानात उभं राहून असले विचार करू नयेत. पहिलं रबर मऊ होतं, नखानं दाबलं की नख आत जायचं. दुसरं मध्यम. तिसरं दगडासारखं, टेम्पोला लागणारं, नखालाच दुखलं. दुकानदार म्हणाला, तुमच्या गाडीला पहिलं घ्या, मलई आहे. देवचंदनं विचारलं, यापेक्षा थोडं वाईट आहे का? दुकानदार कानावर विश्वास न बसल्यासारखा बघत राहिला. आयुष्यभर त्याच्याकडे लोक वाईट रबर चांगल्याच्या भावात घ्यायला येत होते, पण मागून घेणारा हा पहिलाच. देवचंद समजावत गेला: गाडी धुळ्यापर्यंत पोचली पाहिजे, काही तुटता कामा नये, पण उभी राहिली की हालली पाहिजे. फार नको. माणसाचा हात हालतो इतपत. हे वाक्य तोंडातून गेल्यावर त्याला काउंटरवरच्या पंख्याचा वारा फार थंड लागला. दुकानदारानं त्याच्याकडे पाहिलं आणि तिसऱ्या रबराची जोडी कागदात गुंडाळली. बहुधा त्याच्याही घरात कुणीतरी म्हातारं असावं, किंवा त्याला गिऱ्हाईक वेडं वाटलं असावं. दोन्हीत शेवटी फरक काय.

तोतारामला मात्र हे गळी उतरवणं अवघड गेलं. त्याचं नवं ज्ञान ताजं होतं आणि त्याला ते वापरायचं होतं. "अहो, हे टेम्पोचं हाय. वहिनीची कंबर जाईल," तो म्हणाला. देवचंदनं वेगळंच कारण सांगितलं, की जड इंजिनाला कडक रबर टिकतं, आणि सांगताना दोन इंग्रजी शब्द घातले. अशा वेळी ते उपयोगी पडतात. तोताराम फसला नाही, पण थांबला. त्यानं ओसरीकडे पाहिलं. ओसरीवर नाना जाकीट घालून बसले होते, खिशावर हात ठेवून, आणि गाडीकडे अशा मायेनं बघत होते की जणू ती दवाखान्यातून घरी यायची होती. मग तोतारामनं देवचंदकडे पाहिलं आणि रबर उचललं. मंदा पाण्याचा तांब्या घेऊन आली होती. तिनं रबर हातात घेऊन दाबून पाहिलं, नखाकडे पाहिलं, सासऱ्यांकडे पाहिलं. लग्न झाल्यापासून तिला कुठली गोष्ट देवचंदनं सांगण्याआधी कळली नाही, असं झालं नव्हतं. "हेच बसवा," ती म्हणाली. "मी उशी घेईन."

बसवायला पूर्ण दिवस गेला. जुने अँगल तोडले, नवे कापले, इंजिन साखळीनं वर टांगलं आणि रबरांवर हळूहळू खाली सोडलं. ते वाकडं टेकलं. देवचंदला वाटलं आता तोताराम पहारीनं दाबून बोल्ट आवळेल, पूर्वीसारखा. पण त्यानं बोल्ट नुसते घातले, सैल सोडले, आणि इंजिन सुरू केलं. इंजिन रबरांवर डुगडुगत राहिलं, थोडं डावीकडे सरकलं, थोडं मागे बसलं, एखादी म्हातारी गर्दीच्या बाकावर जागा करून घेते तसं. तोताराम हात मागे बांधून उभा होता. त्याला आपली जागा घिऊ द्या, म्हणाला, मग आवळू. बऱ्याच वेळानं त्यानं बोल्ट आवळले. गाडी रस्त्यावर नेली तर वेगात जवळजवळ शांत होती. उभी केली तर काचा किणकिणल्या, पण दारं वाजली नाहीत. देवचंदनं स्टिअरिंगवर हात ठेवून आपली बोटं बघितली. थोडं कमी वाटलं. त्यानं तोतारामला विचारलं, उभी असताना अजून जराशी हालेल असं काही करता येईल का. तोतारामनं इंजिनाची उभ्या गतीची रेस किंचित उतरवली. बोटं हालायला लागली. "बस का?" त्यानं विचारलं. देवचंद म्हणाला, बस. नाना ओसरीवरून उठून आले, मागच्या सीटवर बसले, दार लावून घेतलं आणि खिशातला हात काढून गुडघ्यावर ठेवला.

धुळ्याच्या वाटेवर नाना बोलले तेवढे वर्षभरात बोलले नव्हते. एरंडोलला त्यांनी चहा मागितला, गाडीतच. पारोळ्याला केळी घेतली आणि सोलून सगळ्यांना दिली. पेट्रोलपंपावर ओळखीचे एक जामनेरकर भेटले, त्यांना त्यांनी खिडकीतून हात काढून जयभीम केला, आणि जामनेरकरांचा हातही दाराला टेकल्यामुळे थरथरला, आणि दोघं गाडीवर हसले. मंदा उशीवर बसली होती आणि मध्ये मध्ये देवचंदकडे बघून कंबर चोळत होती, म्हणजे हिशेब चालू होता. देवचंदला फार सुखाचं वाटत होतं. आपण एवढं नेमकं काम आयुष्यात केलं नाही असं वाटत होतं. सरासरीत कुणाचाच हात नसतो. हा एक हात होता. त्यानं त्या एका हातासाठी जिल्ह्यातलं सगळ्यात योग्य वाईट रबर शोधून काढलं होतं. धुळ्याच्या गल्लीत वळेपर्यंत तो या आनंदात होता. मग मांडव दिसला, आणि त्याच्या लक्षात आलं की गाडीतून उतरावं लागतं.

मेणबत्ती मांडवात होती. मांडवाखाली इंजिन नव्हतं. इतके दिवस त्यानं रबर, अँगल, बोल्ट, रेस या सगळ्यांचा विचार केला होता, आणि एवढी साधी गोष्ट त्याच्या मनात आली नव्हती. त्यानं गाडी मांडवाच्या तोंडाशी लावली आणि इंजिन चालूच ठेवलं. लोक आले, वाकले, मामा मामा करत खिडकीशी जमले. नानांनी सगळ्यांना हात दिला, पाणीही प्यायले. चला ना मामा, वेळ झाली, असं कुणीतरी म्हणालं. नाना म्हणाले, हो, जरा बसतो, गुडघे. भाचा दार उघडायला आला तर नानांनी ते आतून धरलं. मांडवात वंदनेसाठी लोक उभे राहिले होते आणि माना वळवून गाडीकडे बघत होते. देवचंदनं मंदाकडे पाहिलं. मंदा समोर बघत होती. त्याला वाटलं, गिअर टाकावा आणि सरळ जळगावला जावं. त्याला वाटलं, आपण माणसाला लपायला एक खोली बांधून दिली आणि तिला चाकं लावली, एवढंच केलं.

तेवढ्यात फुई बाहेर आली. नव्या पांढऱ्या साडीत, नवरदेवाच्या खांद्यावर हात ठेवून, हळूहळू. ती येत होती आणि तिची मान एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला हालत होती. नाही, नाही, नाही. देवचंदला वाटलं, ती कुणाला तरी काही नको म्हणते आहे. मग वाटलं, काच हालते आहे म्हणून. त्यानं काच खाली केली. फुई खिडकीशी येऊन थांबली आणि तिची मान थांबली नाही. ती गाडीत नव्हती. ती जमिनीवर उभी होती.

"उतर ना रे उखर्डू," ती म्हणाली, आणि मान म्हणाली, नको.

नाना बघत राहिले. गाडी हालत होती त्यामुळे त्यांचं तोंड हालतं आहे की ते काही बोलताहेत हे कळत नव्हतं. मग त्यांनी विचारलं, "कवापासून?"

"वरीस व्हई गयं," फुई म्हणाली. लग्नांना जायचं तिनंही सोडलं होतं, तिनंही लोकांना गुडघेच सांगितले होते. "लोकेसले वाटस, मी बठ्ठासले नही म्हनस. सून ईचारस, चहा लेशी का? मी हा म्हनस, आनि ती चहा परत लई जास."

नवरदेव हसला. तोंडानं हो आणि मानेनं सगळ्यांना नाही, हे बहुधा घरात रोजचं असावं. नाना हसले नाहीत. त्यांनी बहिणीकडे नीट पाहिलं. पूर्वी दवाखान्यात दंड उघडा करून बसलेल्या माणसाकडे पाहायचे तसं, म्हणजे दुखणं कुठे आहे आणि माणूस कुठे आहे हे वेगवेगळं. मग ते पुढे वाकून देवचंदच्या कानाशी म्हणाले, "गाडी बंद कर."

देवचंदला ते ऐकू आलं, पण त्याला हात उचलवेना. नाना पुन्हा म्हणाले, बंद कर रे, तिले आइकू येत नाही. त्यानं खटका ओढला. डिझेलचं इंजिन बंद होताना देतं तसा गाडीनं एक शेवटचा मोठा झटका दिला, मंदाची उशी सरकली, आणि मग सगळं थांबलं. काचा थांबल्या, आरसा थांबला. आरशात एकच नाना होते. त्यांच्या गुडघ्यावरचा हात हालत होता, गल्लीतल्या सगळ्यांसमोर. त्याच हातानं त्यांनी दाराचा खटका चाचपला. तो पहिल्यांदा सापडला नाही, दुसऱ्यांदा सापडला. ते उतरले आणि त्यांनी तो हात फुईपुढे धरला. फुईनं हाताकडे पाहिलं, मग भावाकडे, आणि हात धरला.

मांडवात नानांनी काडी ओढली. ती विझली. पुढची पेटली, पण ज्योत वातीच्या आजूबाजूला फिरत राहिली, घर चुकलेल्या पाहुण्यासारखी. फुईनं भावाचं मनगट धरलं, आणि आता दोन थरथरी एका काडीवर होत्या. देवचंद मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता. त्याच्या हातात गाडीची किल्ली होती आणि तिचं काय करायचं ते त्याला सुचत नव्हतं. भावकीतला एक धडधाकट जावई चटकन पुढे झाला आणि त्यानं काडी घ्यायला हात लांबवला.

"नही," फुई म्हणाली, आणि त्या दिवसात पहिल्यांदाच तिचं तोंड आणि तिची मान एकच बोलली.